ब्लॅक कॅव्हियर हरली नाही, कारण तिला वेळेवर थांबवलं गेलं

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत कधीही न हरलेल्या खेळाडूंवर मजकूर आला होता. त्यात शेवटी ब्लॅक कॅव्हियर या ऑस्ट्रेलियन घोडीलाही चार ओळींची जागा दिलीत, त्याबद्दल आधी आभार. मराठी दैनिकात घोडीचं नाव खेळाडूंच्या रांगेत छापून आलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. त्या चार ओळींत "25 शर्यती, 25 विजय" एवढंच होतं. आकडा बरोबर आहे. पण तो आकडा राखण्यासाठी काय काय सांभाळावं लागलं, किती वेळा तिला घरी बांधून ठेवावं लागलं, हे कुणी लिहिलं नाही. माझ्या मते तिची खरी कारकीर्द तिथंच आहे. पत्र लांबलं तर कात्री जरूर लावा, फक्त खुरांचा भाग कापू नका, ही विनंती.

मी निवृत्त पशुवैद्य आहे. सेमिनरी हिल्सवरच्या आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढं विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. नोकरीत रोजचे पेशंट म्हणजे बैल, म्हशी, शेळ्या. घोडं शिकले ते नागपुरात, टांग्यांच्या शेवटच्या दिवसांत, इतवारीतल्या एका नालबंद चाचांच्या शेजारी बसून. स्टेशनवर उभे राहणारे बरेच टांगे त्यांच्याकडं नाल ठोकायला येत. मी जनावराच्या छातीला नळी लावायला निघाले की ते अडवत : "बाई, आंधी चारही टापा हातानं पाह्यजा, मंग ते नळी काढजा." ती सवय अजून सुटलेली नाही. शर्यत पाहतानाही कोण पुढं आहे याच्या आधी पाऊल कसं पडतंय तिकडं माझी नजर जाते.

घोड्यांची शर्यत म्हटलं की लोकांना आधी सट्टा आठवतो. मी आयुष्यात कधी एक रुपया लावलेला नाही. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दाणीवर उन्हात उभं राहून सेकंदाच्या हिशेबावर तासभर वाद घालणाऱ्या वैदर्भीय माणसाला वेगाचं वेड म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्याच नजरेनं या घोडीकडं पाहा.

ती 18 ऑगस्ट 2006 ची, व्हिक्टोरिया राज्यातल्या नगॅम्बी गावाजवळच्या फार्मवर जन्मलेली. बाप बेल एस्प्री, आई हेल्सिंग. 2008 साली मेलबर्नच्या लिलावात प्रशिक्षक पीटर मूडी यांनी तिला 2 लाख 10 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. मालक म्हणजे काही मित्र आणि त्यांची कुटुंबं, सगळ्यांनी मिळून घेतलेली घोडी. तबेल्यात तिला 'नेली' म्हणत. अंगानं दांडगी, गडद तपकिरी, मागचे पुठ्ठे असे भरलेले की नर घोड्यांच्या रांगेतही ती उठून दिसे. 18 एप्रिल 2009 ला फ्लेमिंग्टनच्या मैदानावर ती पहिल्यांदा धावली आणि पाच घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकली. दोन आठवड्यांनी कॉलफील्डला तेच, अंतर सहा घोड्यांचं.

इथून पुढचा भाग यशाच्या गोष्टींत एका ओळीत उरकतात. सप्टेंबर 2009 मध्ये चौथी शर्यत, डॅनहिल स्टेक्स, जिंकली, पण छातीचा स्नायू दुखावला. मेलबर्नमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हा शर्यतींचा सगळ्यात मोठा हंगाम. मोठी बक्षिसं तेव्हाच असतात आणि सगळ्या देशाचं लक्षही तेव्हाच असतं. तीन वर्षांची, चारपैकी चार जिंकलेली घोडी मूडींनी त्या पूर्ण हंगामात घरी ठेवली. जानेवारी 2010 मध्ये मूनी व्हॅलीला उतरवली, पुन्हा जिंकली, आणि या वेळी पायाच्या लिगामेंटला इजा झाली. मग पुन्हा विश्रांती, तीही साडेआठ महिने. सहावी शर्यत 9 ऑक्टोबर 2010 ला झाली.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात पायाच्या लिगामेंटची दुखापत म्हणजे काय ते सांगते. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच. तिथं हाडं, शिरा आणि दोऱ्यांसारखे ताणलेले बंध, म्हणजेच लिगामेंट, असतात. भरधाव सुटलेल्या घोड्याचा सगळा भार पावलागणिक क्षणभर एकाच पायावर येतो आणि तो त्या बंधांवर तोलला जातो. बंध फाटला की सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, घोडी लंगडायची थांबते, खायला लागते, तबेल्यात नाचायला लागते. मालकाला वाटतं झालं बरं. आतली जखम मात्र भरायला कित्येक महिने घेते, आणि ती अर्धवट भरलेली असताना जनावर धाववलं तर पाय कायमचा जातो. नोकरीत मी सगळ्यात जास्त भांडले ती याच मुद्द्यावर, मग समोर पटाचा बैल असो की टांग्याचं घोडं. "आता तं चांगला चालते ना बाई" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येई. मूडींच्या तबेल्यात कुणीतरी असं वाक्य म्हणालंच असेल. त्यांनी ते ऐकलं नाही, म्हणून पुढच्या वीस शर्यती झाल्या.

आणि त्या कशा झाल्या! 9 ऑक्टोबर 2010 ते 14 मे 2011 या काळात ती आठ वेळा धावली आणि आठही वेळा जिंकली. त्यातली मार्च 2011 ची न्यूमार्केट हँडिकॅप मला सर्वांत जास्त आवडते. हँडिकॅप म्हणजे जो घोडा सरस त्याच्या पाठीवर वजन जास्त, जेणेकरून दुबळ्यालाही संधी मिळावी. तिच्या पाठीवर 58 किलो होते. तरी 1200 मीटर तिनं 1 मिनिट 7.36 सेकंदांत कापले. पुढच्या महिन्यात सिडनीच्या रँडविक मैदानावर हे लिस्ट हा तिचा जबर प्रतिस्पर्धी आघाडी घेऊन सुटला होता. जॉकी ल्यूक नोलन यांनी तिला मोकळं सोडलं आणि शेवटच्या टप्प्यात तिनं त्याला सहज मागं टाकलं. ती चाबकाच्या धाकानं धावत नसे. बहुतेक शर्यतींत नोलन यांचे हात शेवटपर्यंत शांत दिसतात. घोडीच्या तोंडावर ओढ नाही, मान मोकळी, पाऊल लांब. तिच्या शर्यतींचे व्हिडिओ आजही पाहायला मिळतात, तेव्हा त्यांचे हात जरूर पाहा.

28 एप्रिल 2012 ला ॲडलेडमध्ये तिचा सलग विसावा विजय झाला. त्याआधीचा 19 विजयांचा विक्रम डेझर्ट गोल्ड ही घोडी आणि ग्लोमिंग हा घोडा यांच्या नावावर होता, पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या काळातला. लोक तिच्या जॉकीच्या रंगांचे, म्हणजे फिकट गुलाबीवर काळे ठिपके असलेले, टाय आणि टोप्या घालून मैदानावर येऊ लागले. ज्यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं तेसुद्धा आले.

आता रॉयल ॲस्कॉट. 23 जून 2012, इंग्लंड, डायमंड ज्युबिली स्टेक्स. तोवर 21 शर्यती, 21 विजय. मेलबर्नपासून एवढा लांबचा विमानप्रवास. रक्ताभिसरण नीट राहावं म्हणून तिला अंगाला घट्ट बसणारा खास पोशाख घातला होता. ऑस्ट्रेलियात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मेलबर्नच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर गर्दी जमली होती. ॲस्कॉटची ती सरळ पट्टी शेवटाकडं चढत जाते. ती पुढं आली, नेहमीसारखी सुटणार असं वाटलं, पण सुटली नाही. शेवटच्या काही पावलांत नोलन यांनी जोर देणं थांबवलं, आता जिंकलोच या समजानं, आणि मागून मूनलाइट क्लाउड ही फ्रेंच घोडी चालून आली. फक्त डोक्याच्या अंतरानं ब्लॅक कॅव्हियर वाचली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी नोलन यांना फार झोडलं, त्यांनीही दोष स्वतःकडं घेतला. एलिझाबेथ राणी खाली उतरून आल्या आणि तिच्या नाकावरून हात फिरवला, ते छायाचित्र जगभर गेलं.

पण दुसऱ्या बातमीकडं फार कमी लोकांनी लक्ष दिलं. शर्यतीनंतर तपासणी झाली तेव्हा मागच्या भागातले मोठे स्नायू फाटलेले निघाले. म्हणजे ज्या पुठ्ठ्यांच्या जोरावर ती पुढं झेपावत असे तेच निकामी झालेले असताना ती चढणीवर पुढं राहिली. एक पशुवैद्य म्हणून मी त्या शेवटच्या पावलांकडं पाहते तेव्हा नोलन यांचे थांबलेले हात मला वेगळे दिसतात. त्या क्षणी त्यांनी चाबूक चालवून तिला आणखी पिळलं असतं तर ती कदाचित दोन घोड्यांच्या अंतरानं जिंकली असती, किंवा पुन्हा कधीच उभी राहिली नसती. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनीच सांगितलं आहे, मी त्यावर माझा अर्थ लादत नाही. घोडी जिवंत आणि चालत परत आली, हे मात्र त्या विजयाहून मोठं होतं.

त्यानंतर पुन्हा जवळजवळ आठ महिने ती धावली नाही. परतली ती 16 फेब्रुवारी 2013 ला, फ्लेमिंग्टनला, तिच्याच नावानं आता ओळखल्या जाणाऱ्या लाइटनिंग स्टेक्समध्ये. 1000 मीटर, 55.42 सेकंद. 1988 पासून टिकलेला मैदानाचा विक्रम मोडला. गणित करून पाहा : जागेवरून सुटून सरासरी ताशी 65 किलोमीटर. आणि ही सहा वर्षांची, छाती, पाय आणि मागचे स्नायू, तिन्ही दुखावून बरे झालेली घोडी. त्यानंतर दोनच शर्यती. 13 एप्रिल 2013 ला रँडविकला पंचविसावी जिंकली आणि चार दिवसांनी निवृत्ती जाहीर झाली. 15 शर्यती सर्वोच्च, म्हणजे ग्रुप वन दर्जाच्या. बक्षिसांची रक्कम साडेएकोणऐंशी लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. सव्विसावी, सत्ताविसावी कमावता आली असती. मागणी होती, पैसा होता. तिथंही थांबवलं.

पुढं विंक्स या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन घोडीनं सलग 33 शर्यती जिंकून हा आकडा मागं टाकला. आपल्याकडंही 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनंच. पण तुमच्या पुरवणीत पुढं कधी या घोड्यांवर लिहिणार असाल, तर त्यांचे सुट्टीचे महिनेही छापा, अशी माझी सूचना आहे. कुठल्या तारखेला धावली हे जसं लिहिता, तसं कुठल्या तारखेला धावू दिलं नाही हेही लिहा.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते. ब्लॅक कॅव्हियर 17 ऑगस्ट 2024 ला गेली, अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शिंगराला जन्म दिल्यानंतर. कारण लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत होणारा दाह. तिला शांतपणे मरण द्यावं लागलं. तिच्याच आईच्या पोटचा, 2013 साली 50 लाख डॉलरना विकला गेलेला भाऊ 2013 मध्येच याच रोगानं गेला होता. न्यूझीलंडची सनलाइन, कॉक्स प्लेट ही मोठी शर्यत दोनदा जिंकलेली घोडी, 2009 मध्ये याच रोगानं गेली. अमेरिकेचा सेक्रेटेरिअट 1989 मध्ये यानंच. जगातले सर्वांत महागडे डॉक्टर उशाशी असताना हे घोडे वाचले नाहीत, इतका हा रोग वाईट आहे.

घोड्याच्या खुराचं बाहेरचं कवच आणि आतलं हाड यांच्यामध्ये पापुद्र्यांचे पडदे असतात, एका खुरात साडेपाचशे ते सहाशे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवावीत तसे ते कवचाला आणि हाडाला धरून ठेवतात. पाचशे किलोचं जनावर अक्षरशः या पडद्यांवर लोंबकळत असतं. त्यांना दाह झाला की पकड सुटते, हाड आत फिरतं किंवा खाली धसतं, आणि उभं राहणंच असह्य होतं. घोडं फार काळ आडवं पडून जगू शकत नाही, म्हणून सुटका नसते. दाह कशानं होतो? बाळंतपणानंतर वार अडकली, अंगात कुठं मोठा संसर्ग झाला, एक पाय दुखतो म्हणून सगळा भार दुसऱ्यावर आला. आणि आपल्या शहरात रोज घडणारी दोन कारणं : एकदम खूप धान्य खाल्लं, किंवा कडक रस्त्यावर टापा आपटत राहिल्या.

नागपुरात आज घोडी दिसते ती वरातीत. टांगे गेले, पण घोडीवाले राहिले, आणि आपले रस्ते सिमेंटचे झाले. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, संध्याकाळी सातलाही सिमेंट तापलेलं असतं. लोखंडी नाल ठोकलेली घोडी त्यावर तासन् तास उभी, पुढं डीजे, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा, मधेच फटाके. एका मुहूर्ताची वरात उरकली की दुसऱ्या मंगल कार्यालयाकडं पळत जायचं. त्यात लग्नघरची प्रेमळ माणसं तिला भिजवलेली चण्याची डाळ, पोळ्या, जिलबी, लाडू भरवतात. प्रत्येक घर मूठभरच देतं, पण एका रात्रीत तीन घरं झाली तर तिच्या पोटात किती गेलं याचा हिशेब कुणाकडं नसतो. तिसऱ्या दिवशी घोडी हलत नाही, म्हणून मला फोन येतो. अजूनही येतो. गेले की पाहते : पुढचे दोन्ही पाय पुढं टाकलेले, सगळा भार मागं घेतलेला, डोळ्यांत पाणी, खुरं हाताला गरम.

घोडीवाल्यांना शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यातले कित्येक जण रोज पहाटे उठून खरारा करतात, स्वतःच्या आधी घोडीला चंदी देतात. एकानं मला विचारलं होतं, "म्याडम, सीझन भेटते दोन-तीन महिने. घोडी बांधून ठेवली तं आम्ही खाव काय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते उत्तर एकट्या घोडीवाल्यानं द्यायचं नाही. घोडी ठरवणाऱ्या वरपित्यानं द्यायचं आहे. हॉल, कॅटरर, फुलांची सजावट यांवर आपण लाखांनी खर्च करतो. घोडीवाल्याला एका रात्रीचे पूर्ण पैसे द्या आणि दुसरी वरात घ्यायची नाही एवढंच ठरवून घ्या. सध्या तो दर घासाघीस करून पाडला जातो, म्हणून त्याला तीन वराती कराव्या लागतात.

महानगरपालिकेला आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाला माझी विनंती आहे की लग्नसराई सुरू होण्याच्या आधी शहरातल्या सगळ्या घोड्यांची खुरं मोफत तपासून द्यावीत. एका खुल्या मैदानात, सकाळच्या वेळी. विद्यार्थ्यांना घोडं हाताळायला मिळेल, एरवी शिकताना घोडे फारसे वाट्याला येत नाहीत. नाल कधी बदलायचा, खूर किती कापायचं, हे सांगायला जुने नालबंद अजून थोडे उरले आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवावं. मी स्वतः येईन, मला मानधन नको.

आणि आपल्या दैनिकाला विनंती, की लग्नाच्या तिथी जिथं छापता त्याच पानावर एक चौकट द्या. मजकूर मी देते आहे. घोडीला चण्याची डाळ, पोळी, गोड काही भरवू नका, फार तर मूठभर हिरवा चारा द्या. मांडवाजवळ बादलीभर स्वच्छ पाणी ठेवा आणि वरात थांबली की तिला पाजा. साध्या उभ्या घोड्यालाही दिवसाला 25-30 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घोडी वारंवार पाय बदलत असेल किंवा पुढचे पाय पुढं टाकून मागं झुकत असेल तर नवरदेवाला तिथंच उतरवा. घोडीवाल्यानं टापेच्या वरच्या खोबणीत, मागच्या बाजूला, दोन बोटं ठेवून पाहावं. निरोगी घोडीची नाडी तिथं मुश्किलीनं लागते. ती ठणठण उडताना लागली तर धान्य बंद करून, दोन्ही पुढचे पाय बर्फाच्या पाण्यात घोट्यापर्यंत बुडवून, जमीन मऊ करून घोडीला उभं करावं आणि त्याच रात्री डॉक्टरला बोलवावं, सकाळची वाट पाहू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त पशुवैद्य,
महाल, नागपूर